सूचना निघाली म्हणजे शस्त्रं विकली गेली, असं नव्हे

अमेरिका एखाद्या मित्रदेशाला शस्त्रं देणार अशी बातमी आली की एक मजकूर हमखास फिरतो: "अमेरिकी संसदेनं मंजुरी दिली, इतक्या अब्ज डॉलरचा सौदा पक्का झाला, आता ती शस्त्रं त्या देशाची. तो ती हवी त्याला देईल." यातलं एकही विधान टिकत नाही. तुर्कस्ताननं अमेरिकेकडे मागितलेल्या एफ-१६ लढाऊ विमानांवरून पाहू.

"संसदेनं मंजुरी दिली." अमेरिकी काँग्रेस, म्हणजे तिथली संसद, अशा विक्रीला मतदानानं मंजुरी देतच नाही. १९७६ च्या शस्त्रनिर्यात नियंत्रण कायद्यानुसार सरकार मोठ्या विक्रीची सूचना काँग्रेसला देतं आणि थांबतं. नाटो या लष्करी आघाडीचे सदस्य, जपान, इस्राएल अशा जवळच्या देशांसाठी १५ दिवस, बहुतेक इतरांसाठी ३०. तेवढ्यात काँग्रेसनं विक्री अडवली नाही, तर सरकारला पुढं जाता येतं. विरोधी ठराव झाला तरी अध्यक्ष नकाराधिकार वापरू शकतात. सौदी अरेबिया आणि अमिरातीच्या बाबतीत २०१९ मध्ये ट्रम्प यांनी तेच केलं.

खरी अडवणूक होते ती सूचना निघण्याआधी. दोन्ही सभागृहांच्या परराष्ट्र समित्यांचे अध्यक्ष आणि तिथले अल्पमतातल्या पक्षाचे प्रमुख अशा चौघांना प्रस्ताव आधी दाखवला जातो. ही कायद्यातली अट नाही, नुसती प्रथा आहे. तरी एकानं हरकत घेतली की फाइल सहसा पुढं सरकत नाही. तुर्कस्ताननं २०२१ च्या ऑक्टोबरात मागणी केली. सिनेट समितीचे तेव्हाचे अध्यक्ष बॉब मेनेंडेझ यांनी ती रोखून धरली. तुर्कस्ताननं अडवून धरलेल्या स्वीडनच्या नाटोप्रवेशाला तुर्की संसदेनं २३ जानेवारी २०२४ रोजी होकार दिला आणि तीनच दिवसांत सूचना निघाली. त्याच दिवशी ग्रीसला ४० एफ-३५ लढाऊ विमानं देण्याचीही निघाली. हा योगायोग नव्हता; एकमेकांकडे संशयानं पाहणाऱ्या दोन मित्रांना एकाच वेळी सांभाळायचं होतं.

"२३ अब्ज डॉलरचा सौदा पक्का." सूचनेवर "संभाव्य विक्री" असं स्पष्ट लिहिलेलं असतं आणि आकडा कमाल अंदाजाचा असतो. त्यात विमानांबरोबर इंजिनं, क्षेपणास्त्रं, सुटे भाग, प्रशिक्षण असं सगळं धरलेलं असतं. बंधन येतं ते नंतर, खरेदीदार सरकार प्रस्तावपत्रावर सही करून पहिला हप्ता भरतं तेव्हा. तुर्कस्तानच्या २३ अब्जांत ४० नवी विमानं होती आणि जुन्या ७९ विमानांच्या आधुनिकीकरणाचे संच होते. ते संच नकोत, हे काम आमचाच उद्योग करेल, असं संरक्षणमंत्री याशार ग्युलेर यांनी नोव्हेंबर २०२४ मध्ये जाहीर केलं. ग्रीसनं ४० पैकी २० विमानंच पक्की केली, उरलेली पर्याय म्हणून ठेवली. बातमीतला मोठा आकडा मात्र अजून तसाच फिरतो.

सही झाल्यावरही विमान लगेच येत नाही. कंपनीशी कंत्राट, मग उत्पादनाची रांग. तैवानच्या ६६ नव्या एफ-१६ ची सूचना ऑगस्ट २०१९ मध्ये निघाली. पहिलं विमान सुपूर्द झालं मार्च २०२५ मध्ये.

"हवी त्याला देईल." हे तर साफ चूक. खरेदीदार देशाला अमेरिकेच्या लेखी संमतीशिवाय ती शस्त्रं तिसऱ्याला देता येत नाहीत, आणि ठरलेल्या कामापलीकडे वापरताही येत नाहीत. डेन्मार्क आणि नेदरलँड्सची एफ-१६ पैसे मोजून घेतलेली, कित्येक वर्षं वापरलेली होती. तरीही ऑगस्ट २०२३ मध्ये ती युक्रेनला द्यायचं ठरलं तेव्हा दोघांनाही वॉशिंग्टनचा होकार घ्यावा लागला.