घरपट्टी जावयाच्या नावावर, जमीन सासऱ्यांच्या

"घरपट्टी माझ्या नावावर, लाईटबिल माझ्या नावावर, मग घर माझंच ना?" गावाकडे हे फार छातीठोकपणे बोललं जातं. अहो, ग्रामपंचायतीचा नमुना आठ कर गोळा करायला असतो. मालकी त्याने ठरत नाही.

आमच्या नात्यात एका जावयाने फंड काढून, बायकोचे दागिने मोडून सासऱ्यांच्या जागेत स्लॅबचं घर बांधलं. कागद काही नाही. सासरे गेले, सातबाऱ्यावर दोन मेहुणे आणि बायको अशी तीन नावं चढली. मेहुणे म्हणतात, जमीन तिघांची तर घरही तिघांचं. जावई म्हणतो, वीट न् वीट माझी.

गंमत म्हणजे कायद्यात जावयाला अगदीच वाव नाही असं नाही. जमिनीला जे चिकटलं ते जमीनमालकाचं, हा विलायती नियम कलकत्ता हायकोर्टाने 1866 सालीच इथे सरसकट लावायला नकार दिला. जमीन एकाची आणि इमला दुसऱ्याचा असू शकतो. शिवाय 1882 च्या सुविधाधिकार कायद्याचं कलम 60 सांगतं की परवानगीच्या भरवशावर कुणी खर्च करून पक्कं बांधकाम केलं, तर मालकाला लहर आली म्हणून ती परवानगी मागे घेता येत नाही. पण परवानगी होती, आणि ती कसली होती, हे शाबीत कोण करणार? सासरे तर भिंतीवर, हारात.

मग कुणीतरी पारावरचा वकील सल्ला देतो, "बारा वर्षं झाली ना? संपलं, घर तुझं!" दुसऱ्याच्या जागेत नुसतं बारा वर्षं राहून ती आपली होत नाही. ताबा मालकाच्या विरोधात, उघडपणे, 'हे माझंच' म्हणून असावा लागतो. परवानगीने राहणाऱ्याची ती बारा वर्षं सुरूच होत नाहीत. म्हणजे 'सासऱ्यांनीच बांध म्हटलं होतं' असं म्हणालात की बारा वर्षांचा मुद्दा गेला, आणि बारा वर्षं धरून बसलात की परवानगीचा गेला. दोन्हीकडून बोलाल तर उलटतपासणीत सोलून निघाल.

गोव्यात भाटकाराच्या, म्हणजे जमीनमालकाच्या, जमिनीत त्याच्या संमतीने घर करून राहणाऱ्या मुंडकारासाठी 1975 चा वेगळा कायदा आहे. त्याला घराखालची जागा विकत घेण्याचाही हक्क मिळतो. आपल्या जावयासाठी असलं काही नाही.

आणि हे सगळं टाळणं किती स्वस्त होतं! राहतं घर किंवा शेतजमीन मुलाला-मुलीला बक्षीसपत्राने द्यायची तर महाराष्ट्रात मुद्रांक शुल्क 200 रुपये, बाकीचे अधिभार वेगळे. सासऱ्यांनी घराखालची जागा लेकीच्या नावावर रीतसर नोंदवून दिली असती, तर आज भांडण नव्हतं. पण विषय काढायचा कुणी? कागद मागितला की म्हातारा म्हणणार, माझ्या मरणाची वाट बघताय. नोटरीसमोर स्टॅम्पपेपरवर चार ओळी खरडून मालकी मिळत नाही, तेही सांगून ठेवतो.

सरकारला मात्र एक विचारायचंय. या 200 रुपयांच्या यादीत नवरा-बायको, मुलं, नातवंडं, विधवा सून आहेत. भाऊ-बहीण नाहीत. गावोगाव निम्मी भांडणं भावाच्या जागेत बांधलेल्या घराचीच असताना त्यांनाच का वगळलंय?