अडीच गुंठ्यांची फुली

काल रात्री साडेनऊच्या सुमारास माझे तिसरे लोखंडी फावडे मोडले. फावडे माइनक्राफ्ट या ठोकळ्यांच्या जगात खेळायच्या संगणकी खेळातले होते, त्यामुळे त्यात नुकसान असे काही झाले नाही, असे घरातल्या मंडळींचे मत आहे. परंतु कचेरीतून आल्यावर सलग दोन संध्याकाळी वाळू मी उपसली होती, मंडळींनी नव्हे.

झाले ते थोडक्यात असे. अकरा वर्षांच्या लेकीने खेळात उभ्या केलेल्या जगात, तिच्याच परवानगीने हिंडताना मला एक बुडालेले जहाज सापडले. २०१८ साली या खेळातल्या समुद्राचा कायापालट झाला, तेव्हापासून अशा जहाजांतल्या पेट्यांमध्ये पुरलेल्या खजिन्याचे नकाशे मिळतात. पंधरा सेकंदांच्या श्वासावर मी खाली बुडी मारली, तांबड्या फुलीचा नकाशा घेऊन वर आलो आणि होडी वल्हवत फुलीच्या किनाऱ्याला लागलो. आता खणायचे आणि घ्यायचे, एवढेच उरले होते. तेवढ्यात माझे सासरे चहाचा कप घेऊन खुर्चीमागे येऊन उभे राहिले.

अप्पांची सारी नोकरी सरकारी मोजणीदार म्हणून झाली. निवृत्त होऊन बरीच वर्षे लोटली तरी कुठलाही कागद हाती आला की ते आधी त्यावरची उत्तर दिशा शोधतात. लग्नपत्रिकेतला कार्यालयाचा नकाशाही त्यातून सुटलेला नाही.

“जावईबापू, खणणार कुठे?” त्यांनी विचारले.

“फुलीवर,” मी म्हणालो.

“फुलीवर म्हणजे नेमके कुठे? फुलीलाही क्षेत्रफळ असते.”

मी दुर्लक्ष करायला हवे होते. ते न करता मी त्यांना उत्साहाने समजावून सांगितले की या नकाशावरचा एक ठिपका म्हणजे जमिनीवरचे दोन बाय दोन ठोकळे, आणि एक ठोकळा म्हणजे एक मीटर. अप्पांनी वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेवर पेन्सिलीने गणित मांडले. फुली अंदाजे सोळा मीटर लांब, सोळा मीटर रुंद. त्याचे झाले २५६ चौरस मीटर. तेहतीस फुटी साखळीचा चौरस म्हणजे एक गुंठा, म्हणजे १०८९ चौरस फूट. तेव्हा फुली भरली अडीच गुंठ्यांची. अख्खा नकाशा सोळा एकरांवर गेला.

“अडीच गुंठे!” अप्पांनी कप खाली ठेवला. “जावईबापू, एवढ्या जागेत दोन भावांची घरे आणि एक कोर्टकेस आरामात बसते. तुम्ही हद्द कायम न करता फावडे कसे काय मारता?”

माणूस सासरा असला आणि वर बरोबर असला की काही इलाज उरत नाही. त्यांच्या सांगण्यावरून मी फुलीच्या मध्यावर खूण म्हणून एक दगडी ठोकळा बसवला. हा मोजणीचा मूळ दगड. काही झाले तरी तो हलवायचा नाही, अशी तंबी मिळाली. मग चारी बाजूंनी चर खणायचा हुकूम झाला. वाळू या खेळात जागेवर राहत नाही. खालचा ठोकळा काढला की वरचे ठोकळे डोक्यावर कोसळतात आणि माणूस गुदमरायला लागतो. मी दोनदा गुदमरलो. “चराला उतार द्या,” अप्पा म्हणाले.

अंधार पडला तेव्हा पाण्यातून एक हिरवट प्रेत उठून आमच्याकडे चालू लागले. हा ड्राउन्ड, बुडून मेलेला आणि मेल्यावरही स्वस्थ न बसणारा.

“हे कोण?”

“बुडून मेलेला माणूस आहे, अप्पा.”

“लगतधारक?” त्यांनी चष्मा सारखा केला. “पूर्वेला समुद्र आहे म्हणजे हाच असणार. नोटीस दिली होती का त्याला? हरकत घ्यायला आला असेल.”

हरकतीच्या हातात त्रिशूळ होता. त्याने तो फेकून मारला आणि माझा अर्धा जीव गेला. मी तलवार शोधत असताना मागून शांत आवाज आला, “मोजणीत असे होतेच. एकदा मला कोयता दाखवला होता. तुम्ही पंचनाम्यावर त्याची सही घ्या.”

दुसऱ्या संध्याकाळीही हेच चालले. लोखंडी फावडे अडीचशे ठोकळ्यांनंतर मोडते, तेव्हा तीन फावड्यांत मी साडेसातशे घनमीटर वाळू काढली होती. अप्पांच्या हिशेबाने ती दोनशे पासष्ट ब्रास भरली, आणि एवढा उपसा नदीपात्रात केला असता तर ट्रॅक्टर जप्त होऊन मी दंड भरत बसलो असतो, हेही त्यांनी कौतुकाने सांगितले. अडीच गुंठ्यांभोवती खंदक झाला होता, आत खड्डे पडले होते, आणि मधोमध तो मूळ दगड अबाधित उभा होता.

तिसरे फावडे मोडल्याचा आवाज ऐकून लेक आली. तिने माझ्या हातावरून हात घालून एक कळ दाबली, पडद्यावर आकड्यांची रांग उगवली, त्यातला एक आकडा वाचत ती चालत गेली आणि नेमकी त्या दगडावर जाऊन थांबली.

“बाबा, पेटी नेहमी चंकच्या नऊ-नऊवर असते. सगळ्यांना माहीत आहे.”

सोळा बाय सोळाच्या प्रत्येक तुकड्याला चंक म्हणतात, आणि संगणकावरच्या आवृत्तीत खजिना त्यातल्या ठरलेल्या एकाच जागी असतो, हे मला मान्य आहे. मला खटकते ते “सगळ्यांना माहीत आहे” हे वाक्य. झेरॉक्स दोन हव्यात हे सगळ्यांना माहीत असते, खिडकी दुपारी बंद असते हे सगळ्यांना माहीत असते, आणि ज्याला ते माहीत नसते असा रांगेतला एकटा माणूस नेहमी मी असतो. जागा ठरलेलीच होती तर मला नकाशा कशाला दिला? जहाजात एक चिठ्ठी ठेवली असती तरी चालले असते.

लेकीने दगड काढला. तीन ठोकळे खाली पेटी होती. तिच्यात हार्ट ऑफ द सी होते, थोडे सोने होते आणि शिजवलेले मासे होते. हार्ट ऑफ द सीभोवती आठ नॉटिलस शेल लावले की कंड्युइट नावाचे यंत्र होते, आणि ते नीट मांडले की पाण्याखाली श्वास घेता येतो; आमच्याकडे शेल एक आहे.

“दगडाखाली निघाले ना? म्हणजे मूळ दगड बरोबर बसला होता,” अप्पा समाधानाने म्हणाले. मग त्यांनी वाटणी सुरू केली. १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचे धन सापडल्यास कलेक्टरला कळवावे लागते, आणि पुरणाऱ्याचा पत्ता लागला नाही आणि वेगळा करार नसला, तर तीन हिस्से शोधणाऱ्याला आणि एक जागामालकाला जातो.

“शोधले मी,” मी घाईने म्हणालो.

“तुम्ही वाळू काढलीत. शोधले हिने, आणि जग कुणाचे?”

“माझे,” लेक म्हणाली.

तिने सोने उचलले, हार्ट ऑफ द सी उचलले आणि माझ्या भुकेच्या पट्टीकडे पाहिले. पोट किती भरले आहे ते या पट्टीवर कोंबडीच्या तंगड्यांनी दाखवतात; दहापैकी तीन उरल्या होत्या. तिने एक शिजवलेला मासा माझ्या पायाशी टाकला. मी तो खाल्ला. अडीच तंगड्या भरल्या.