एकाच पर्चीवर तीन औषधं दिली, चौथं का नाही: आमचं उत्तर

नमस्कार ताई,

आमच्या औषधांच्या दुकानाबद्दलचा आपला एक स्टारचा अभिप्राय वाचला. त्या रात्री आईंना झोपेच्या गोळीविना राहावं लागलं आणि आपल्याला काउंटरवर ताटकळावं लागलं, त्याबद्दल मनापासून दिलगीर आहोत. काउंटरवरचा मुलगा तोडून बोलला असं आपण म्हणता. त्याच्याशी बोलणं झालं आहे.

पण पुढे आपण लिहिलंय, "त्याच पर्चीवर तीन औषधं दिली आणि चौथं मुद्दाम दाबून ठेवलं, ब्लॅकमध्ये विकायला." ताई, हे वाक्य फार लागलं. इंदुरात दर चौकात औषधांचं दुकान आहे. माणूस आमच्याकडे येतो तो विश्वासावर, आणि येण्याआधी आजकाल हेच वाचून येतो. म्हणून सविस्तर लिहितो. औषधांची नावं आपण स्वतः जाहीर लिहिलीत, म्हणूनच इथे घेतोय. एरवी कोण काय घेतं हे आमच्या दुकानाबाहेर जात नाही.

पर्ची जरा पुन्हा हातात घ्या. वरच्या तीन ओळी, म्हणजे रक्तदाबाची दोन औषधं आणि थायरॉइडचं एक. त्या तिन्हींना डॉक्टरांनी उजवीकडे एकच मोठा कंस घातलाय आणि पुढे लिहिलंय '६ महिने'. त्याखाली थोडी जागा सोडून अल्प्राझोलाम ०.२५, म्हणजे ती झोपेची गोळी, रात्री १, आणि समोर '१५ दिवस'. पर्ची एप्रिलची, आपण आलात जुलैत. आणि डॉक्टरांच्या सहीच्या वर दुसऱ्या एका दुकानाचा निळा शिक्का आहे, त्यात एप्रिलचीच तारीख. म्हणजे त्या पंधरा गोळ्या तेव्हाच दिल्या गेल्या होत्या. कागद एकच असला तरी त्यावर सूचना दोन होत्या. एकीची मुदत चालू होती, दुसरीची संपली होती.

औषध नियम १९४५ मधल्या नियम ६५ च्या अकराव्या पोटनियमात हे स्पष्ट आहे. शेड्यूल एच, एच १ आणि एक्स, म्हणजे पर्चीशिवाय देता न येणाऱ्या औषधांच्या याद्या, यांतलं औषध असलेली पर्ची एकदाच चालते. पुन्हा द्यायचं असेल तर तसं डॉक्टरांनी त्या पर्चीवरच लिहिलेलं हवं. किती वेळा किंवा किती दिवसांनी हे लिहिलं असेल तर तेवढंच आणि तसंच द्यायचं. आणि दिल्यावर दुकानाचं नाव, पत्ता, तारीख पर्चीवर टाकायची, ती डॉक्टरांच्या सहीच्या वर. आपली तीन औषधं दिल्यावर आम्हीही आमचा शिक्का तिथेच मारलाय, बघून घ्या. पुढच्या दुकानदाराला कळावं म्हणूनच तो असतो. 'आम्ही जुने गिऱ्हाईक आहोत' किंवा 'रात्र झाली आहे' यासाठी नियमात सूट नाही. असती तर दोन गोळ्या कापून देताना आम्हाला आनंदच झाला असता.

आपल्याला थांबावं लागलं ते डॉक्टरांच्या दवाखान्यात फोन लावत होतो म्हणून. फोन कोणी उचलला नाही. उचलला असता तरी तोंडी होकारावर हे औषध देता येत नाही. पर्ची लेखी हवी, सही आणि तारखेची हवी, रुग्णाचं नाव-पत्ता, एकूण मात्रा आणि डोस तिच्यावर हवा. भाच्याकडून फोटो मागवते असं आपण म्हणालात. जुन्या पर्चीच्या फोटोवर शिक्का मारता येत नाही, आणि बिनशिक्क्याचा फोटो मग दहा दुकानांत चालतो.

पट्टीच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात लाल अक्षरांत एनआरएक्स लिहिलेलं असतं, ते पाहिलंत का? अल्प्राझोलाम एच १ मध्ये तर आहेच, शिवाय एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्याखालीही येतं, म्हणून ती खूण. सवय लावणारं औषध आहे. काही आठवड्यांत तेवढ्याच गोळीने झोप येईनाशी होते, माणूस अर्धी वाढवतो, मग एक. वयस्कर माणसाचा रात्री बाथरूमला जाताना तोल जातो आणि खुब्याचं हाड मोडतं. दारू किंवा ट्रामाडोलसारख्या वेदनाशामकाबरोबर घेतलं तर श्वास मंदावू शकतो. आणि आई रोज घेत असतील तर एकदम बंद करणंही वाईट, हात थरथरतात, घाबरं होतं, काहींना फिट येते. ते डॉक्टर हळूहळू कमी करतात. म्हणूनच 'त्रास वाढला तर एम.वाय. हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत दाखवा' असं फार्मासिस्टनी आपल्याला सांगितलं. आपण ते 'टोलवाटोलवी' म्हणून लिहिलंत. तो सल्ला होता, ताई.

"चोरासारखी नावं लिहून घेतात" हेही आहे. ते आपल्या मुलाच्या सेफिक्झिम या अँटिबायोटिकसाठी होतं, तेही एच १ मध्ये आहे. १ मार्च २०१४ पासून एच १ च्या औषधांची वेगळ्या रजिस्टरमध्ये नोंद करावी लागते. डॉक्टरांचं नाव-पत्ता, रुग्णाचं नाव, औषध, किती दिलं. हे रजिस्टर तीन वर्षं जपायचं आणि ड्रग इन्स्पेक्टरनी मागितलं की समोर ठेवायचं. यादीत टीबीची औषधं आहेत, बरीच अँटिबायोटिक्स आहेत. लोक ती मनाने घेतात, अर्धवट सोडतात आणि मग ती लागू पडेनाशी होतात, त्याला आळा बसावा म्हणून ही नोंद. आणि ब्लॅकचं म्हणाल, तर खरेदीची बिलं, हे रजिस्टर आणि कपाटातल्या पट्ट्या यांचा मेळ बसावा लागतो. दहा गोळ्या कमी भरल्या तरी उत्तर द्यावं लागतं, आणि लायसन्स निलंबित किंवा रद्द होऊ शकतं.

सेफिक्झिम दुसऱ्या कंपनीचं का दिलं नाही, असंही आपण विचारलंत. पर्चीवर ब्रँडचं नाव होतं, आणि अशा औषधाच्या जागी दुसरं द्यायला त्याच नियमात मनाई आहे. डॉक्टरांनी मूळ औषधाचं नाव लिहिलं तर कुठल्याही कंपनीचं, स्वस्तातलंही, देता येतं. त्यांना तसं जरूर सांगा.

पुढच्या वेळी आईंच्या डॉक्टरांकडून गोळीसमोर स्पष्ट लिहून घ्या: दर १५ दिवसांनी १५ गोळ्या, इतक्या वेळा. मग आम्ही प्रत्येक वेळी शिक्का मारून देऊ, आणि गोळ्या संपायच्या आत या, म्हणजे रात्रीची धावपळ नको. काउंटरवर हे नियम मराठी-हिंदीत लावायचा विचार आहे, बोलण्याकडेही लक्ष देऊ.

स्टार आपण हवे तेवढे द्या, तो आपला हक्क. पण पर्चीवरचा कंस आणि तो निळा शिक्का एकदा पाहून, ब्लॅकचं ते वाक्य तेवढं काढावं, ही हात जोडून विनंती.