अहो, तो आकडा वाचायचा कसा?

विमानात पॉवर बँक न्यायचा नियम वॉट-अवरमध्ये, म्हणजे बॅटरीत एकूण ऊर्जा किती त्यावर. पॉवर बँकेवर मात्र ठळक, भलंमोठं '२०००० एमएएच'! आणि वॉट-अवर? ते मागच्या बाजूला, काळ्यावर करड्या अक्षरांत, मुंगीलाही चष्मा लागेल इतकं बारीक. त्यातलं निम्मं किल्ल्यांनी घासून गेलेलं. सिक्युरिटीवाला विचारतो, "शंभरच्या आत आहे ना?" मला काय विचारता राव, बॅटरी मी बनवली का? मग रांगेतच गुणाकार करा. २०००० एमएएच म्हणजे २० अँपिअर-अवर, गुणिले बॅटरीचे ३.७ व्होल्ट, ७४ वॉट-अवर. पास! मागचे काका तोवर कंबरपट्टा हातात धरून उसासे टाकतायत.

बरं, चेक-इनच्या बॅगेत टाकायची नाही, हातातच न्यायची. नेली. पण एमिरेट्सच्या विमानात १ ऑक्टोबर २०२५ पासून ती वापरायलाच बंदी! म्हणजे मिरवायला न्यायची का? चीनमध्ये तर देशांतर्गत विमानात '३सी' हा तिथला सुरक्षा-प्रमाणपत्राचा शिक्का नसेल तर नेताच येत नाही. सीटचं यूएसबी वापरावं म्हटलं, तर ते हमखास मेलेलं.

खोक्यावर 'अल्ट्रा', 'मॅक्स', 'टर्बो' हातभर छापता ना? मग तेवढा एक आकडा छापायलाच शाई संपते होय?