280 युनिट आकाशात, हातात किती?

आकाशातली वीज पकडून घरासाठी साठवावी असं सुचवणाऱ्या एका लेखातलं ‘एका विजेत 280 युनिट, म्हणजे घराची दोन-तीन महिन्यांची सोय’ हे गणित तिथेच फसलंय. ती 280 युनिट, म्हणजे सुमारे 1 गिगाज्यूल ऊर्जा कित्येक किलोमीटरच्या वाटेवर हवा तापवण्यात, लखलखाटात नि गडगडाटात आधीच खर्च होते. जमिनीशी काय उरतं ते बघा: मध्यम प्रतीच्या पहिल्या झटक्यात सुमारे 30 किलोअँपिअर, पण प्रभार (वाहून आलेला एकूण विद्युतभार) जेमतेम 5 कूलंब. ऊर्जा पकडायला वाटेत 1 ओहमचा रोध (रेझिस्टर) ठेवलात तर त्यात साधारण 55 किलोज्यूल उतरतात. म्हणजे 0.015 युनिट, 9 वॉटचा एलईडी दीड-पावणेदोन तास! रोध वाढवा म्हणाल, तर 10 ओहमवर 300 किलोव्होल्ट उभे राहतात आणि वीज तुमचा रोध सोडून शेजारून उडी मारते.

विद्युतभार साठवणाऱ्या सुपरकपॅसिटरचं तर विचारूच नका. एक सेल 2.7 व्होल्टचा, 100 किलोव्होल्टसाठी 37,000 सेल एकामागे एक जोडायचे, आणि 5 कूलंबात साठणार 0.07 युनिट. शिवाय सरळ तारेतही मीटरला सुमारे 1 मायक्रोहेन्री प्रेरकत्व (प्रवाहातल्या बदलाला होणारा विरोध) असतं. प्रवाह मायक्रोसेकंदाला 10 किलोअँपिअरने चढला की दर मीटरला 10 किलोव्होल्ट. इन्सुलेशन तिथेच फुटतं. आणि 30 मीटरचा मनोरा सपाट माळावर उभा केलात, चौरस किलोमीटरला वर्षाकाठी 5 विजा धरल्या, तरी त्याच्यावर वीज पडणार आठ वर्षांतून एकदा. तेवढ्या काळात एक साधं सोलर पॅनेल वीज देण्यात कुठल्या कुठे पुढे जातं.