वजनकाटा अर्धीच गोष्ट सांगतो

बॉक्सिंगवरच्या तुमच्या लेखात म्हटलंय की सहा फूट नऊ इंची टायसन फ्युरीसमोर जो लुईसारखे जुने हेवीवेट (सर्वांत जड गटातले बॉक्सर) टिकलेच नसते, कारण ते अंगाने लहान. भाऊ, हे पटत नाही. लुईने 1935 मध्ये प्रिमो कार्नेराला सहाव्या फेरीत संपवलं, आणि कार्नेरा त्याच्यापेक्षा साठेक पौंडांनी जड होता!

मे 2024 ची फ्युरी आणि ओलेक्सांडर उसिकची रियाधमधली लढत घ्या. उसिक क्रूझरवेटमधून (हेवीवेटच्या खालच्या गटातून) वर आलेला, डावखुरा, फ्युरीपेक्षा जवळपास चाळीस पौंडांनी हलका. तरी पाय थांबले नाहीत त्याचे. नवव्या फेरीत फ्युरी दोरांवर कोलमडला, पंचांना आकडे मोजावे लागले. ती फेरी मी पुन्हा पुन्हा पाहिली आहे.

जुना हेवीवेट रॉकी मार्सियानो लहान होता, हे मात्र तुमचं बरोबर. 49 पैकी 49 जिंकला, पण वजन 185 पौंडांच्या आसपास, हात आखूड. आज तो क्रूझरवेटमध्येच खेळला असता.

आमच्या नागपूरच्या अल्फिया पठाणने 2021 मध्ये युवा जागतिक बॉक्सिंग स्पर्धेत 81 किलोवरच्या गटात सुवर्ण जिंकलं. या गटाला वरची मर्यादाच नाही, समोर कितीही वजनाची मुलगी येऊ शकते. तिथे प्रतिस्पर्ध्यापासून अंतर राखता आलंच पाहिजे. लेखात अंतराबद्दल एक ओळही नाही.