लिअरी कॉन्स्टंटाईन आणि ॲव्हरेजची भानगड

क्रिकेटमधला बेस्ट ऑलराउंडर कोण यावर भांडणं सुरू झाली की सोबर्स, इम्रान, कपिल, कॅलिस ही नावं ठरलेली, आणि त्यात कोणी वेस्ट इंडीजचा लिअरी कॉन्स्टंटाईन म्हटलं की लगेच दुसरा आकडे तोंडावर फेकतो. १८ टेस्ट, ६३५ रन्स, ॲव्हरेज १९, विकेट्स ५८. विषय संपला म्हणे. हे जाम डोक्यात जातं राव!

अरे, १९२८ ची लॉर्ड्सवरची मिडलसेक्सची मॅच बघा ना. वेस्ट इंडीज ७९ ला ५, हा येतो आणि तासाभरात ८६ कुटतो, मग बॉलिंगला ५७ रन्समध्ये ७ विकेट्स, आणि चेस करताना पुन्हा पाच गेलेले असताना १०३, मॅच खिशात. टेस्ट नव्हती, त्यामुळे तुमच्या त्या १९ मध्ये यातलं काहीच नाही. आणि त्याची फिल्डिंग, जिच्यासाठी लोक तिकीट काढून यायचे, ती कुठल्या कॉलममध्ये बसवणार?

त्रिनिदादमध्ये १९०१ चा जन्म, आधीच्या पिढ्या गुलामगिरीत राबलेल्या. वडील लेब्रन १९०० मध्येच इंग्लंड दौरा करून आलेले, मामा व्हिक्टर पास्कलही तिकडे खेळून आलेला, म्हणजे क्रिकेट घरातलंच. पण गोऱ्यांचं राज्य असलेल्या त्या बेटावर काळ्या पोराला पुढे वाव नाही हे कळल्यावर गडी १९२९ ला लँकेशायरच्या नेल्सन गावात क्लबचा प्रोफेशनल म्हणून गेला. नऊ सीझनमध्ये सात वेळा लीग जिंकून दिली. त्रिनिदादचाच लेखक सी. एल. आर. जेम्स तिथे त्याच्याच घरी राहायला आला, दोघांनी मिळून वेस्ट इंडीजच्या स्वराज्यावर भाषणं ठोकली.

मग १९४३. लॉर्ड्सवर मॅच म्हणून लंडनच्या इंपीरियल हॉटेलात बायको-मुलीसह रूम बुक केलेली, रंगामुळे अडचण नाही ना हे आधीच विचारून घेतलेलं, तरी पोचल्यावर सांगितलं एकच रात्र राहा, अमेरिकन गिऱ्हाइकांना चालणार नाही. तेव्हा हा माणूस ब्रिटिश सरकारचाच वेल्फेअर ऑफिसर होता, बोला! (आपल्या पळवणकर बाळूला, त्या दलित स्पिनरला, पुण्यात पॅव्हेलियनबाहेर वेगळ्या भांड्यात चहा मिळायचा, त्यामुळे आपण फार नाकं मुरडायला नको.) त्याने कोर्टात खेचलं आणि १९४४ ला जिंकला. भरपाई किती, तर पाच गिनी, म्हणजे जेमतेम सव्वापाच पौंड. रक्कम फुटकळ, पण रंगावरून हॉटेलने हाकलणं कोर्टात हरलं ना!

वयाच्या पन्नाशीत बॅरिस्टर, मग त्रिनिदादला परत जाऊन मंत्री, मग लंडनमध्ये त्रिनिदादचा हायकमिशनर. १९६३ ला इंग्लंडमधल्या ब्रिस्टलची बस कंपनी काळ्यांना नोकरी देईना, तेव्हा तिच्या बसवर बहिष्कार टाकणाऱ्यांच्या बाजूने हा उघड उभा राहिला. कंपनी झुकली, पण राजदूताने यजमान देशाच्या भानगडीत पडायचं नसतं म्हणून याने स्वतःच्याच सरकारची नाराजी ओढवून घेतली आणि पुढच्या वर्षी ते पद सोडलं. १९६९ ला ब्रिटनच्या संसदेतल्या हाऊस ऑफ लॉर्ड्समधला पहिला काळा लॉर्ड झाला तोही हाच, आणि किताबात त्रिनिदादच्या मरावलसोबत नेल्सनचंही नाव लावून घेतलं.